अरबी समुद्रासाठी शेजाऱ्यांची सामायिक वर्गणी हवी

अरबी समुद्राच्या काठावरच्या देशांनी मिळून या समुद्राच्या अभ्यासासाठी एक कायमचा निधी उभारावा, भारताने आपला वाटा दरवर्षी वेळेवर भरावा आणि ही मागणी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर हे बोलले तेव्हा एका तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, विचारलं, "मॅडम, ते आमची माणसं पकडून नेतात, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर मासे मोजायला निघालात?" प्रश्न अगदी रास्त आहे. पालघरकडची माणसं पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. त्या घरांना विज्ञान-सहकार्याच्या गोष्टी सांगायच्या तर उत्तर नीट द्यायला हवं. म्हणून ही पोस्ट लांबणार आहे.

28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तान आणि इराणच्या दक्षिणेला, समुद्राखाली 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथली किनाऱ्यावरची वस्ती लाटांनी धुऊन नेली आणि काही तासांत पाणी मुंबईत पोचलं. मुंबईतही माणसं वाहून गेली. आपल्याकडे त्सुनामी म्हटलं की 2004 आठवतं, तमिळनाडू आठवतं. आपल्या बाजूलाही तसाच धोका पडून आहे, हे कोकणात फार थोड्यांना माहीत असतं. वर्गात मुलांना विचारते तेव्हा एखादाच हात वर होतो.

भूकंप झाला हे जगभरातल्या यंत्रांना काही मिनिटांत कळतं. लाट खरंच उठली का आणि ती केवढी आहे, हे मात्र समुद्राची पातळी मोजणारी यंत्रंच सांगू शकतात. मकरानमध्ये काही झालं तर त्यातली सगळ्यात आधी हलणारी यंत्रं ग्वादर, ओरमारा, चाबहार या बंदरांतली असतील. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राने खोल समुद्रात आपले बोये, म्हणजे तरंगती मापक यंत्रं, ठेवले आहेत, ते उत्तमच आहे. पण रत्नागिरीचा किनारा रिकामा करायचा की नाही हे ठरवताना पलीकडच्या बंदरातला आकडा हाताशी असणं आणि नसणं यात फार अंतर आहे. आणि हे एकतर्फी नाही. 2011 पासून इन्कॉइस हिंदी महासागरातल्या इतर देशांनाही त्सुनामीचे इशारे देतं, त्यात पाकिस्तानही येतो. म्हणजे संबंध कितीही बिघडलेले असोत, ही एक वाट चालू आहे.

ती चालू राहिली कारण कुणीतरी पैसा बाजूला काढून ठेवला. 2004 च्या आघातानंतर थायलंडने 1 कोटी डॉलर दिले आणि 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाचा एक विश्वस्त निधी उभा राहिला. पुढे त्याच निधीतून मकरानच्या धोक्यावर भारत, पाकिस्तान, इराण, ओमान यांच्या तज्ज्ञांचं एकत्र काम झालं. एका शेजाऱ्याच्या पैशातून इतके देश एका टेबलाशी आले. वादळांचंही तसंच. 1972 पासून चक्रीवादळांसाठी या भागातल्या देशांचं मंडळ आहे आणि आज त्यात 13 देश आहेत. आपल्या फयान, निसर्ग, तौक्तेची नावं त्याच मंडळाच्या यादीतून आली.

जिवावर बेततं तिथे सहकार्य होतं. पोटाचा प्रश्न येतो तिथे होत नाही, आणि माझं खरं दुखणं तिथेच आहे.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ओमानमध्ये सुरमईची पकड 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर बंद असते. म्हणजे आपल्या नौका बाहेर पडतात तेव्हा तिकडे सुरमईला मोकळीक असते. तिकडची सुरमई आणि आपली सुरमई हा एकच साठा असेल, तर दोन्ही देशांच्या बंदीचा एकत्र विचार व्हायला हवा. वेगळा असेल, तर तेही कळायला हवं. हे शोधायचं कसं, याची पद्धत ठरलेली आहे. माशाच्या डोक्यात कानापाशी बारीक खडे असतात, त्यांवर वाढीची वलयं असतात. त्यांच्या रसायनावरून मासा कुठल्या पाण्यात वाढला याचा माग लागतो, आणि जोडीला जनुकांची तपासणी करतात. अट एकच. दोन्ही किनाऱ्यांवरचे नमुने एकाच पद्धतीने गोळा करून एकत्र तपासायला हवेत. बांगडा आणि तारलीचं तेच. एखाद्या वर्षी तारलीने जाळी फाटतात आणि पुढची वर्षं ती दिसत नाही, तेव्हा आपण मोठ्या घेराच्या पर्ससीन जाळीवाल्यांना दोष देतो, एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांना देतो. त्यात तथ्य आहेच. पण समुद्राच्या दुसऱ्या टोकाला त्या वर्षी काय झालं हे न बघता पूर्ण कारण कळणार कसं?

इथे पैशाइतकीच कागदाचीही अडचण आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे जैविक नमुने परदेशी संस्थेला द्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा चांगला आहे, आपली संपदा कुणी उचलून नेऊ नये म्हणून केलेला आहे. त्याच कायद्यात सरकारने मान्य केलेल्या सहकार्य प्रकल्पांना सूट आहे. म्हणजे सरकारांनी मिळून निधी उभारला आणि प्रकल्प त्याखाली आले, तर अर्ध्या अडचणी तिथेच सुटतील. आज एखाद्या संशोधकाने एकट्याने मस्कतशी पत्रव्यवहार सुरू केला, तर त्याची फेलोशिप संपते आणि परवानगीची फाइल फिरतच राहते.

प्राणी मात्र अशा परवानग्यांसाठी थांबत नाहीत. 2021 मध्ये ओडिशात खूण केलेली ऑलिव्ह रिडले कासवाची मादी 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. गुहागरहून 2023 मध्ये उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री ही कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि ओमानमध्ये 2017 साली खूण केलेली लुबान नावाची हंपबॅक देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याकडे आली आणि तिथून खाली कोचीच्या दिशेने गेली. अरबी समुद्रातले हे देवमासे इतर महासागरांतल्या जातभाईंसारखे थंड समुद्राकडे जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. ओमानच्या पाण्यात ते शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे.

पाकिस्तानातलं एक काम मला मनापासून आवडतं. तिथे डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग-संरक्षण संस्थेने ट्यूना पकडणाऱ्या नौकांवरच्या तांडेलांनाच नोंदी करायला शिकवलं. देवमासा दिसला, कासव जाळ्यात आलं, की तांडेल लिहून ठेवतो, फोटो काढतो. त्यातून देवमाशांच्या कितीतरी नोंदी मिळाल्या. शिवाय जाळं पृष्ठभागापासून थोडं खाली सोडलं तर कासवं आणि डॉल्फिन कमी अडकतात, हेही दिसलं. आमच्या हर्णैच्या, देवगडच्या तांडेलांना हे जमणार नाही का? त्यांना जेवढा समुद्र कळतो तेवढा मला पुस्तकं वाचून कळलेला नाही. या नोंदींचे त्यांना रीतसर पैसे मिळायला हवेत, आभाराचं पत्र नव्हे.

आता पूर्वेकडे बघा. बंगालच्या उपसागरात 1979 पासून मासेमारीचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे. 2003 मध्ये त्याची चेन्नईत कायमची आंतरसरकारी संस्था झाली. भारत, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव त्याचे सभासद आहेत आणि ते वर्गणी भरतात. पश्चिम किनाऱ्याला असं काही नाही. का नाही, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. सार्कने ढाक्याला हवामान संशोधन केंद्र काढलं होतं, मालदीवला किनारपट्टीचं केंद्र होतं. दोन्ही आज त्या रूपात उरलेली नाहीत, आणि सार्कची शिखर परिषदही 2014 नंतर भरलेली नाही. जे सहकार्य नेत्यांच्या हस्तांदोलनावर उभं असतं ते हात सुटला की पडतं.

म्हणून मला गावच्या देवळाच्या वर्गणीसारखी व्यवस्था हवी. शिमग्याला ज्या दोन घरांचं बोलणं नसतं तीही आपापली वर्गणी भरतात, आणि पालखी दोन्ही दारी जाते.

हे स्वप्नरंजन नाही. नॉर्वे नाटोत, रशिया समोरच्या गटात. तरी बॅरेंट्स समुद्रातल्या कॉड माशाचा कोटा 1970 च्या दशकापासून दोघांचा संयुक्त आयोग ठरवतो. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाचा मोठ्या आंतरराष्ट्रीय समुद्र-संशोधन परिषदेतला सहभाग थांबवला गेला, पण या दोन देशांच्या शास्त्रज्ञांनी माशांचं गणित एकत्र चालू ठेवलं. जॉर्डनमध्ये 2017 साली सुरू झालेली सेसमी ही प्रयोगशाळा इस्रायल, इराण, पाकिस्तान, पॅलेस्टाइन अशा देशांची सामायिक आहे. तिथेही निर्बंधांमुळे इराणला वर्गणी पोचवायला अडचणी आल्या. आपल्या निधीत इराण असेल तर हाच प्रश्न येईल, त्याची सोय आधीच करावी लागेल.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. 1993 मध्ये स्फोटकं आपल्याच कोकणात, शेखाडी आणि दिघीला उतरली होती. 2008 ला मारेकरी समुद्रातूनच आले. खोल पाण्याचं तापमान आणि क्षारता पाणबुड्यांसाठी महत्त्वाची माहिती असते, हेही खरं. मग ती माहिती बाजूला ठेवा. भरतीची पातळी, माशांची आवक, अंडी घालायचा काळ, कासवांच्या खुणा, किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे, एवढ्याने सुरुवात करा. यातून नौदलाचं काहीही उघड होत नाही. भारत आणि पाकिस्तान 1992 पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कैदी आणि मच्छीमारांच्या याद्या 1 जानेवारी आणि 1 जुलैला दिल्या जातात. सगळ्यात वाईट वर्षांतही हे चुकलेलं नाही. अणुकेंद्रांची यादी देता येते तर बांगड्याचीही देता येईल.

"आधी मुंबई-गोवा हायवे पुरा करा," असं काहीजण लिहितीलच. हायवे पुरा व्हायलाच हवा, मीही त्याच खड्ड्यांतून जाते. पण रक्कम बघा. 2021 मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी 4,077 कोटी मंजूर केले. त्यातल्या शंभर रुपयांतला एक रुपया काढला तरी 40 कोटी होतात. खड्ड्यांचा पैसा इकडे वळवायची गरज नाही.

हा निधी निदान दहा वर्षांचा असावा, कारण माशाच्या साठ्याचे चढउतार तीन वर्षांच्या प्रकल्पात दिसत नाहीत. माझे विद्यार्थी प्रकल्पावर लागतात, नमुने ओळखण्यात नजर तयार होते, आणि मुदत संपली की मुंबईत औषध कंपनीत जातात. त्यांची नजर त्यांच्याबरोबर जाते, पुढचा प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पैसा माणसांवर, यंत्रांच्या देखभालीवर आणि तांडेलांच्या नोंदींवर खर्च व्हावा. परिषदा आणि हॉटेलं कमी. कार्यालय मस्कतला चालेल, ओमानशी कुणाचंच भांडण नाही. ओमान, श्रीलंका, मालदीव आणि आपण, एवढ्यांनी सुरू करावं. पाकिस्तानसाठी जागा पहिल्या दिवसापासून कागदावर ठेवावी, तो येईल तेव्हा येईल.

मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदांना माझी विनंती आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत डिझेल परताव्याबरोबर हाही ठराव घ्या: सुरमई आणि बांगड्याच्या साठ्याचा ओमानबरोबर संयुक्त अभ्यास व्हावा, आणि त्याच्या नोंदी ठेवण्याचं काम इथल्या नौकांना मिळावं. ठराव मत्स्यव्यवसाय विभागाला आणि आपल्या खासदारांना पाठवा. मसुदा मी लिहून देते, इनबॉक्समध्ये कळवा.