सिझरवालीला पान्हा फुटत नाही म्हणे!

परवापासून आमच्या बेळगावात बायकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. कळा आल्या तरच मेंदूला सिग्नल जातो, म्हणून सिझरवालीला दूध येत नाही, पहिला चीक पिळून टाका, तीन दिवस डब्याचं दूध द्या, आणि दूध किती येणार ते सगळं खाण्यावर. माझ्या जावेचं शहापुरात आत्ताच सिझर झालं, हे वाचून ती रडतच बसली.

अगं, दूध भरायचा सिग्नल कळांचा नाही, वारेचा आहे. वार निघाली की दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन धाडकन उतरतं आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतलं दूध बनवणारं हार्मोन प्रोलॅक्टिन, जे पोटुशी असतानाच वाढलेलं असतं, त्याला मोकळं रान मिळतं. वार काय सिझरमध्ये आतच ठेवतात की काय! दूध भरायला दोन-तीन दिवस सगळ्यांनाच लागतात, सिझरला कधी जरा जास्त, एवढंच.

कळांचा मेंदूशी संबंध आहे, ते खोटं नाही. बाळाचं डोकं खाली दाबतं तसं मेंदूतून, त्याच पिट्युटरीवाटे, ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानं कळ वाढते, की आणखी सुटतं. पण १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञानं पिट्युटरीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आवळतं हे दाखवलं, आणि चारच वर्षांनी तसल्याच अर्कानं शेळीचं दूध सुटताना दिसलं. म्हणजे हार्मोन एकच, आणि दुधासाठी ते सुटतं बाळानं ओढलं की. पाजताना ओटीपोटात कळ येते ना, तेच ते.

माझं माहेर खानापूरकडचं, घरात म्हशी. रेडकू लावलं की म्हैस पान्हावते, आणि अनोळखी माणूस धार काढायला बसला की पान्हा चोरते, कासेत दूध असून. बाईचंही तसंच, भीती आणि दुखणं असलं की दूध अडतं. आणि तुम्ही तिलाच असले मेसेज पाठवता!

चीक टाका म्हणणाऱ्यांचं तर नवलच वाटतं, म्हैस व्याली की गिण्णाच्या, म्हणजे खरवसाच्या, वाट्या शेजारीपाजारी वाटणार, आणि आपल्या बाळाचा चीक मोरीत. थोडासाच असतो पण रोगाशी लढायची ताकद त्यातच, आणि पहिल्या दिवशी बाळाचं पोट तरी केवढं? तीन दिवस डबा दिला तर बाळ ओढणार कधी, नि प्रोलॅक्टिन वाढणार कसं?

अळीव, डिंकाचे लाडू खा की, मलाही आवडतात. पण दूध वाढतं ते बाळानं ओढून स्तन रिकामे केले की, लाडू काही ते रिकामे करत नाहीत.

जावेला सांगितलं, टाके दुखतात तर कुशीवर पडून पाज, रात्रीचं चुकवू नको, रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली तर मात्र सरळ डॉक्टरांकडं, मोबाईल बघत बसायचं नाही.