‘बिल फुगवलं’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. विहिरीत ड्रिलिंगचा पाइप अडकून रिग (खोदकामाचं यंत्र) उभी होती, तुम्हाला वरून फोनवर फोन येत होते, त्यात आमच्यामुळे मनस्ताप झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण ‘तेच काम दोनदा करून बिल फुगवलं’ हे वाक्य फार लागलं. अंकलेश्वर पट्ट्यात आमचं एकच वायरलाइन युनिट (केबलवरून विहिरीत उपकरणं सोडणारी गाडी) चालतं, त्याचे हप्ते अजून फिटायचेत. नवीन माणूस हेच वाचून आम्हाला बोलवायचं की नाही ते ठरवणार, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितो.

पाइप नेमका कुठे अडकलाय ते शोधायला आमचं टूल पाइपच्या पोलादाचा चुंबकीय गुण वाचत जातं. पोलादावर ओढ किंवा पीळ आला की तो गुण बदलतो. इटलीतल्या व्हिलारीने हे १८६५ मध्येच दाखवलंय. पण बदल कळायला आधीचं रीडिंग हवं ना? म्हणून पहिली फेरी न्यूट्रल वजनावर, म्हणजे जादा ओढ किंवा पीळ न देता. मग ड्रिलर (रिग चालवणारा) ओढ किंवा पीळ देऊन धरून ठेवतो आणि दुसरी फेरी होते. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. जिथपर्यंत ते वेगळे दिसतात तिथपर्यंत पाइप मोकळा. अडकलेल्या जागेच्या खाली ओढ पोचतच नाही, म्हणून तिथे दोन्ही जुळतात. पहिल्या फेरीशिवाय दुसरीला काही अर्थ नाही, साहेब. कोटेशनमध्ये दोन्ही फेऱ्या दरासकट लिहिल्या होत्या आणि त्यावर तुमच्या ऑफिसची सही आहे.

उशिराचं म्हणाल तर आमची गाडी लोकेशनवर पोचली तेव्हा जारिंग, म्हणजे अडकलेल्या पाइपला झटके देणं, चालू होतं. पाइप सुटावा म्हणून तुमची धडपड होती, ते समजतो. पण ओढ सोडल्याशिवाय पहिली फेरी होत नाही, आणि विनंती करूनही आमची मुलं युनिटमध्ये ताटकळत बसली. त्या वेळेचा स्टँडबाय, म्हणजे खोळंब्याचा आकार, मी बिलात लावला नाही. अभिप्रायात तेवढं लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

‘ड्रिलरचा आकडा वेगळा होता’ असंही लिहिलंय. तो आकडा वरून स्ट्रेच, म्हणजे ओढल्यावर पाइप किती ताणला जातो ते, मोजून काढलेला. विहीर तिरकी असली की पाइप भिंतीला घासतो, ओढ वाटेतच खर्ची पडते आणि फ्री पॉइंट (जिथपर्यंत पाइप मोकळा ती जागा) असतो त्याच्या वर दिसतो. आम्ही सांगितलेल्या जॉइंटवर स्ट्रिंग शॉट (जोड सैल करणारा छोटा स्फोट) मारला आणि पाइप तिथेच सुटला. तुमच्या आकड्यावर मारला असता तर चांगले मोकळे पाइपही खाली राहिले असते आणि फिशिंगचं, म्हणजे खाली राहिलेला पाइप बाहेर काढायचं, काम वाढलं असतं.

यापुढे काम सुरू करण्याआधी पद्धत आणखी नीट समजावून सांगू, बिलाची मांडणीही सोपी करायचं बघतो. दोन्ही आलेख माझ्याकडे जपून ठेवलेत. तुम्ही सांगाल त्या दिवशी ऑफिसला घेऊन येतो.