एका ऑर्डरीचे तीन ट्रक आणि 'आता शिकू नका'चा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: 'कोडिंग संपलं. एसक्यूएल-पायथनच्या क्लासला पैसे घालू नका. सगळा डेटा एक्सेलमध्ये येतोच. उरलेलं एआयला मराठीत विचारा. आणि सोलापुरात असल्या कामाला विचारतंय कोण?' भाच्याने तो मला पाठवून खाली लिहिलं, 'मामा, खरंय का?' म्हणून हे लिहायला बसलो. एसक्यूएल म्हणजे टेबलांत ठेवलेल्या डेटाला प्रश्न विचारायची भाषा, आणि पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा.

'सगळा डेटा एक्सेलमध्ये येतो.' येतो, पण येताना त्याचं काय होतं ते बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी फायली जुळवायचं काम करतो. अमेरिकेतला खरेदीदार तारीख लिहिताना महिना आधी लिहितो. त्याचा ०३/०४ म्हणजे ४ मार्च. आपल्याकडच्या सेटिंगवर फाईल उघडली की तो ३ एप्रिल होतो, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं! ०३/१३ ही तर आपल्या पद्धतीने तारीखच होत नाही, म्हणून ती नुसता मजकूर होऊन पडून राहते. एकाच कॉलममध्ये निम्म्या तारखा चुकीच्या, निम्म्या तारखाच नाहीत, आणि एक्सेल हूं की चूं करत नाही. शिवाय एका शीटला १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहे, जुन्या फॉरमॅटला तर ६५,५३६ च. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे सुमारे १६ हजार रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, ते या जुन्या फॉरमॅटमुळेच.

'उरलेलं एआयला विचारा.' मीही विचारतो. माझं काम त्याने हलकं केलंय, खोटं कशाला बोलू. पण परवाचीच गोष्ट. आमच्याकडे ऑर्डरींचं एक टेबल आहे आणि डिस्पॅचचं दुसरं. चार लाखांची एक ऑर्डर तीन ट्रकांतून गेली, म्हणून डिस्पॅचमध्ये तिच्या तीन ओळी. मी विचारलं, मार्चमध्ये माल गेलेल्या ऑर्डरींची एकूण रक्कम किती? त्याने ऑर्डर नंबरवर दोन्ही टेबलं जोडली आणि बेरीज केली. चार लाख तीनदा आले, बारा लाख झाले. क्वेरीत, म्हणजे त्याने लिहिलेल्या एसक्यूएलच्या प्रश्नात, व्याकरणाची एकही चूक नव्हती, लाल अक्षरात एररही आली नाही. आधी डिस्पॅचमधून प्रत्येक ऑर्डर नंबर एकदाच घ्यायचा आणि मगच टेबलं जोडायची, हे सांगितल्यावर त्याने दोन सेकंदांत नीट लिहून दिलं. पण ते सांगायला तीन ट्रक आधी माझ्या डोळ्यांपुढे यायला हवेत ना.

उलटही होतं. टेबलं साधी जोडली, म्हणजे साध्या जॉइनमध्ये, ज्यांचा माल अजून गेलेलाच नाही त्या ऑर्डरी गुपचूप गायब होतात. पेंडिंगची यादी हवी तर लेफ्ट जॉइन लागतो, तो डिस्पॅचमध्ये जोडी नसलेल्या ऑर्डरीही ठेवतो. एकीकडे फुगवटा, दुसरीकडे गळती, आणि एखाद्या महिन्यात दोन्ही मिळून आकडा बरोबर वाटण्याइतका जवळ येतो. मला भीती त्या महिन्याची वाटते.

'शिकण्यात वर्षं जातात' असंही एकाने खाली जोडलं होतं. एसक्यूएल १९७४ ची, आयबीएममध्ये जन्मलेली. तिची मूळ चाल अजून तीच आहे. रोजच्या कामापुरते सात-आठ शब्द लागतात, दोन महिने संध्याकाळी बसलं तरी पुरे.

'सोलापुरात विचारतंय कोण?' याचा मात्र राग आला. दर महिन्याला जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आलं की गावातल्या प्रत्येक टॅक्सवाल्याकडे ते खरेदीच्या रजिस्टरशी जुळवायची घाई असते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारं आपलं गाव. एकाच पार्टीचं आडनाव एका फायलीत साध्या 'ल'चं, दुसरीत जोड 'ल्ल'चं. नावावर जुळवायला बसलात तर रात्र सरेल. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, आडनाव कसंही लिहा, तो तोच राहतो, म्हणून जुळवायचं त्याच्यावर. मग बिल नंबर: एकाकडे ००४५, दुसऱ्याकडे ४५. शून्यं काढायची दोन ओळींची पायथन लिहिली की दर महिन्याला तीच चालते. पोरं हे काम हाताने, हायलायटर घेऊन करतात, आणि तेही याच गावात.

भाच्याला कळवलंय, रविवारी लॅपटॉप घेऊन ये. एआय उघडा ठेव, क्वेरी खुशाल त्याच्याकडून लिहून घे. फक्त त्याआधी डिस्पॅचच्या टेबलातली एक ओळ म्हणजे एक ऑर्डर की एक ट्रक, ते मला सांग.