मोठीमायच्या मोबाइलवर आलेला मेसेज

दोन बाणवाला फॉरवर्ड होता. वर हात जोडलेले, खाली पेटलेली समई. मजकूर थोडक्यात असा: शेतकऱ्याची आत्महत्या, तेरवी, विधवा असल्या विषयांवर विनोद करणं ही मुंबईच्या स्टँडअपवाल्यांची विकृती आहे, आपल्या मातीत मरणावर कोणी हसत नाही, यानं दुःखी घरांचा अपमान होतो आणि आत्महत्या वाढतात. असं नाटक कुठं दिसलं तर बंद पाडा.

आमच्या मंडळाच्या पोरांनी तेच केलं. माझ्या पुतण्यानं गणपतीसाठी लिहिलेली नाटुकली तालमीतच गुंडाळली. तोवर मी गप्प होतो. मग मोठीमाय, म्हणजे माझी मोठी काकू, मोबाइल घेऊन आली, म्हणाली, "काहून रे, आपल्याच मानसावर हासनं आता पाप झालं का?" म्हणून हे लिहितो आहे.

"आपल्या मातीत नाही" लिहिणारा माणूस पोळ्याला तोरणाखाली कधी उभा राहिलेला दिसत नाही. बैल सजवून उभे असतात आणि झडत्यांत, म्हणजे तिथं म्हणायच्या टोमणेबाज गाण्यांत, सावकार, पुढारी, कापसाचा भाव, गेलेलं पीक, सगळ्यांचा उद्धार होतो. वरून "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". हसणाऱ्यांत निम्मे कर्जातलेच असतात. आणि सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' 2009 चा. शेजारचा शेतकरी जीव देतो म्हणून घाबरलेली बायको नवऱ्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागं मागं पाठवते. हसू येतं आणि घशात अडकतं. ही गोष्ट मुंबईची नाही, विदर्भाच्या शेतातली आहे.

आता अपमान. हा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं.

23 जानेवारी 2006 चा शासन निर्णय आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला 1 लाख रुपये. त्यातले 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. पण आधी आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सोसायटीचं, सावकार असेल तर परवानाधारक आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं तपासतात. जुळलं नाही की कागदावर शिक्का: अपात्र. मेलेल्या माणसाला अपात्र! यापेक्षा काळा विनोद कोणत्या स्टँडअपवाल्याला सुचला असता?

मोठीमायचा नवरा, आमचे मोठेबाबा, त्यांनी त्याच वर्षी पावसाळ्यात जीव दिला. सातबारा आजोबांच्या नावावर, कर्ज गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराचं. अपात्र. कागद आला त्या दिवशी मोठीमाय चुलीपुढं बसली होती. मी वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "शाळेतबी नापास, मेल्यावरबी नापास. या मानसाले पास होनं माहीतच नोयतं." आणि हसली. घरातले सगळे हसले. मग सगळे रडले, तेही खरं. या बाईचा अपमान नाटकानं होईल म्हणून मेसेजवाल्याला झोप लागत नाही.

पुतण्याच्या नाटुकलीचं नावच 'पात्र'. मेलेला शेतकरी स्वतःची फाइल कुठं अडली ते बघायला तहसिलीत जातो. बाबू म्हणतो, सातबारा बापाच्या नावावर आहे, त्याची सही लागेल. हा म्हणतो, "बाप वरतेच हाय साहेब, आत्ता घेऊन येतो." यात हसं शेतकऱ्याचं होतं की बाबूचं, हे पोरांनी मला सांगावं.

"आत्महत्या वाढतात" यात अर्धं खरं आहे. कबूल करायला जिवावर येतं, पण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना सांगतात की कसं केलं ते रंगवू नका, आत्महत्या हा सुटकेचा मार्ग म्हणून दाखवू नका. काही रीलवाले गळ्यात दोर अडकवून "सुटलो एकदाचा" करतात. त्यांना खुशाल झापा, मीही येतो. पण त्याच सूचना हेही सांगतात की मदत कुठं मिळते, लोक संकटातून कसे निघाले, ते दाखवा. विषय काढूच नका असं त्यात नाही. आमच्याकडे तर एरवी कोणी तोंडच उघडत नाही. मोठेबाबांच्या नावानं हसलो तेवढं सोडलं तर त्या वर्षी घरात त्यांचा विषय निघाला नव्हता.

पोरींवर वाईट संस्कार होतात वगैरे मेसेजच्या शेवटी होतं. ते सोडा.

काल पुतण्याला घेऊन मोठीमायकडं गेलो. त्यानं वही वाचून दाखवली. पंचनाम्याच्या प्रसंगाला तिनं थांबवलं. म्हणाली, "साहेबाचा पार्ट करनाऱ्याले चहा दे. आमच्या घरी पेला होता त्यानं, दोन कप. साखर शेजारून आनली होती मी. तेबी घाल."