कापूर झोंबला म्हणजे वास आला, असं नाही

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: सर्दीनं, कोविडनं किंवा डोक्याला मार लागून वास गेला असेल तर कापूर-ओवा-निलगिरीची पोटली दिवसभर हुंगा, झोंबलं की नस उघडली, शिवाय गॅसवर भाजलेलं संत्रं गुळाशी खा, दोन दिवसांत वास परत.

आधी झोंबण्याचं. कापराची झोंब आणि निलगिरीचा गारवा चेहऱ्याच्या संवेदनेची नस टिपते, वासाची नस वेगळी. वास पार गेलेल्यालाही अमोनिया झोंबतो. खरी परीक्षा डोळे मिटून कॉफीपूड किंवा गुलाबपाणी ओळखण्याची.

कारणंही एका पोटलीतली नाहीत. सर्दीत वाट तुंबते. कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर घाला घालतो. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला तर मेंदू हिसकतो आणि नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडातून जाणारे नसांचे धागे तुटतात; नाकाला खरचटलेलंही नसतं. मार लागल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा द्रव गळत असेल तर नाक शिंकरू नका, तडक इस्पितळ गाठा.

संत्र्याचं श्रेय फुकटचं. विषाणूनं गेलेला वास बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आपोआप येतो. गूळ तर जिभेलाच गोड लागतो. वास गेला तरी जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घातलेल्या पोह्यांचं मीठ, लिंबू, तिखट कळतं. हिंग-बडीशेप मात्र गायब, म्हणून पोहे 'बेचव'.

उपयोग होतो तो वासाच्या सरावाचा. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी: चार बाटल्यांत कापूस, प्रत्येकी ३-४ थेंब तेल. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास १५-२० सेकंद, हलके हलके हुंगत, तो वास आठवत. किमान १२ आठवडे. (निलगिरी इथंही आहे, पण चारांतली एक म्हणून.) बिनसतं ते मध्येच कंटाळून सोडल्यानं. मध्येच कॉफी, कांदा-लसूण सडका वाटू लागला तरी थांबू नका; सुधारताना असं होतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, मार लागलेल्यांना तर कमीच. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं नाक तपासून घ्या. नाकात मस्से (मऊ गाठी, पॉलिप) असतील तर इलाज निराळा.

आणि पोटलीवाले विसरतात तो स्वयंपाकघरातला गॅस. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मिसळतात, तोच तुम्हाला येणार नाही. गळती सांगणारं यंत्र बसवा: सिलिंडर असेल तर जमिनीपासून फूटभर, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, पाइपचा गॅस हलका, त्याचं यंत्र छताजवळ.