स्टॉकहोमचा समुद्र खरंच उतरतोय?

"स्टॉकहोमला समुद्र अडीचशे वर्षं खाली जातोय, 1998 नंतर तापमान वाढलेलं नाही, बाकी सगळी आकड्यांची फिरवाफिरवी." हा मजकूर आलेखासकट फिरतोय.

आलेख खरा आहे. 1774 पासूनच्या तिथल्या समुद्रपातळीच्या नोंदी जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहेत. पण भरतीमापक किनाऱ्याच्या जमिनीवर बसवलेला असतो, तो पातळी मोजतो ती त्या जमिनीच्या तुलनेत. हिमयुगात स्कँडिनेव्हिया (स्वीडन-नॉर्वेचा भाग) प्रचंड जाड बर्फाखाली दबला होता. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी जमीन अजून वर येते आहे. स्टॉकहोमला ती वर्षाला साधारण 5 मि.मी. वर येते. समुद्र तिच्याहून सावकाश चढतो, म्हणून उतरल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे हे उतरणंही एकोणिसाव्या शतकाच्या मानाने विसाव्या शतकात वर्षाला सुमारे 1 मि.मी.ने मंदावलं. जमीन त्याच गतीने वर येतेय, म्हणजे समुद्रच जास्त वेगाने चढू लागला. मजकूर फिरवणाऱ्यांचाच आलेख त्यांच्या विरोधात साक्ष देतो!

टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला उलट प्रकार. तिथे जमीन खचते, त्यामुळे पाणी वर्षाला 6 मि.मी.हून जास्त चढतं. तेवढाच आलेख दाखवून प्रलयाची भीती घालणाराही चूकच करतो. जगभरच्या मापकांच्या नोंदी जमिनीची हालचाल वजा करून एकत्र पाहिल्या, तर 1901 ते 2018 या काळात वाढ सुमारे 20 सें.मी. भरते. 1993 पासून उपग्रह मोजताहेत आणि त्यांना किनाऱ्याच्या जमिनीचा आधार लागत नाही. त्यांच्या हिशेबात तीस वर्षांत सुमारे 10 सें.मी.; वेग वर्षाला 2 मि.मी.च्या आसपास होता, तो 4 च्या वर गेला.

1998 चं उत्तर सोपं आहे. ते जबरदस्त एल निन्योचं वर्ष होतं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगाचं तापमान तात्पुरतं वाढतं तसं. रेघ त्या शिखरापासून ओढली की पुढची काही वर्षं सपाट दिसणारच. 2016 ने तो उच्चांक बराच मागे टाकला, आणि 2024 तर 1850–1900 च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम ठरलं.

राहिली फिरवाफिरवी. आकड्यांत दुरुस्त्या होतात, उघडपणे होतात. पूर्वी जहाजावरून बादलीने पाणी काढून तापमान घेत. वर येईपर्यंत बाष्पीभवनाने ते गार होई. पुढे इंजिनाकडे येणारं पाणी मोजू लागले, ते थोडं जास्त गरम. हा फरक काढायचा म्हणून जुने आकडे वर सरकवले जातात. जमिनीवरच्या दुरुस्त्यांनी वाढ किंचित जास्त दिसते, हे मान्य. पण पृथ्वीचा सुमारे 71 टक्के भाग समुद्र आहे, त्यामुळे एकूण हिशेबात शतकभराची तापमानवाढ दुरुस्तीनंतर कच्च्या आकड्यांपेक्षा कमीच निघते.