एसआरएसवर सही घेतली म्हणजे झालं? : प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा मुद्दा थोडक्यात असा: फिक्स्ड प्राइस (आधीच ठरलेल्या रकमेच्या) सॉफ्टवेअर कामात अजाइल (थोडं थोडं बनवून, दाखवून, बदलत जायची पद्धत) म्हणजे क्लायंटला रोज नवं काही मागायचा परवाना, त्यापेक्षा एसआरएसवर (काय बनवायचं ते लिहिलेल्या कागदावर) सही घ्यावी आणि सरळ वॉटरफॉलने (एक टप्पा संपवून मगच पुढचा) जावं. स्कोप (कामाची व्याप्ती) मोकळा आणि पैसे बांधलेले असतील तर व्हेंडर मरतो, हे शंभर टक्के मान्य. पण सहीने मागणी थांबत नाही, ती यूएटीत (शेवटी क्लायंट स्वतः तपासतो तेव्हा) येते. तोवर टेबलं, रिपोर्ट, टेस्ट केसेस सगळं जुन्या समजुतीवर उभं असतं. वॉटरफॉलचं मूळ म्हणून सॉफ्टवेअर अभियंता विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा पेपर दाखवतात (हा शब्द त्यात नाहीच). टेस्टिंग शेवटी आलं की चूक उशिरा कळते आणि काम पार डिझाइनपर्यंत मागे जातं, ही भीती त्यातच लिहिलेली आहे.

म्हणून अख्ख्या प्रोजेक्टला एकच पद्धत लावू नका. कुठला निर्णय फिरवायला किती महाग, ते बघा. जीएसटी बिलिंग घ्या. कराचा दर आयटम मास्टरच्या (मालाच्या यादीच्या टेबलाच्या) एका कॉलममध्ये ठेवलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच मालाचा दर १२ वरून ५ टक्के झाला, तुम्ही कॉलम बदललात. आता ऑगस्टमधला १०,००० चा माल परत आला: बिल ११,२०० चं, क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट) निघाली नव्या दराने, १०,५०० ची. गिऱ्हाइकाच्या खात्यात ७०० रुपये लोंबकळले. उपाय: दर वेगळ्या टेबलात, लागू तारखेसह. शिवाय बिलाच्या प्रत्येक ओळीवर त्या दिवशीचा दर कॉपी. हे कोडिंगआधी कागदावर, सीएला दाखवून ठरवायचं. इथे 'पुढच्या स्प्रिंटला बघू' (स्प्रिंट म्हणजे अजाइलमधली कामाची छोटी, ठरावीक मुदतीची फेरी) चालत नाही.

काउंटरवरची स्क्रीन मात्र उलट. दोन आठवड्यांचा स्प्रिंट करा आणि शेवटी कीबोर्ड कॅशिअरच्या हातात द्या. माउसला हात न लावता बिल होतं का, हे चाळीस पानी एसआरएस सांगत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. करारात स्प्रिंटची संख्या बांधा, फीचरची यादी नको. ५ पॉइंटची (पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज) नवी स्टोरी (एक छोटी मागणी) आत आली की तेवढीच, अजून हात न लावलेली एक बाहेर. डेटाच्या रचनेला धक्का लागत असेल तर अदलाबदल नाही, सरळ चेंज रिक्वेस्ट (बदलाची वेगळी, वेगळ्या पैशांची मागणी). सही प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटच्या रिव्ह्यूला, आधी लिहिलेल्या निकषांवर, आणि पेमेंट त्या सहीला जोडलेलं.

आणि 'हे हवं, ते नको' असं जागेवर सांगू शकणारा माणूस क्लायंट आठवड्याला दोन-तीन तासही देणार नसेल, तर स्प्रिंटच्या भानगडीत पडूच नका. तिथे तुमचा एसआरएसच बरा.